दुसरा भाग कोणाकडे?

“...तर मित्रांनो, लिहून ठेवा, ‘निळी घळ’चा दुसरा भाग हैदराबादचा कोहिरा स्टुडिओच करणार!”

“नाय करणार.”

योगिनीचा अंगठा फोनच्या पडद्यावरच थांबला. दुपारची वेळ, शहापूरच्या बाजारपेठेत सामसूम, मामा घरी जेवायला गेलेले... म्हणून तर ती त्यांच्या मोबाइलच्या दुकानात बसून व्हिडिओ करत होती. आणि काउंटरच्या पलीकडे हा कोण उपटला?

उंच, सावळा, खांद्याला कॅनव्हासची मोठी पिशवी. केस पावसाने भिजलेले, कारण परतीचा पाऊस त्या वर्षी ऐन भातकापणीपर्यंत रेंगाळला होता. हातात एक हेडफोन, त्याच्या एका कानाचा फोम फाटून लोंबत होता.

“काय म्हणालात?”

“म्हणजे... मला नाय वाटत.” तो एकदम गडबडला. “ह्याचा फोम मिळेल काय?”

“आधी माझा व्हिडिओ बिघडवलात, आता फोम हवाय.” तिने हेडफोन हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. “आणि का नाही करणार कोहिरा? एवढं कळतं तुम्हाला, तर सांगा ना.”

“आमाला काय कळतंय? आमी गावची माणसं.” तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडा आधी हसत आणि ओठ मागून, सावकाश. “तुमी योगिनी ना? ‘योगिनी खेळते’वाल्या?”

“चॅनेल बघता माझं?”

“बघत नाय. ऐकतो. काम करताना लावून ठेवतो. म्हणून तर आवाज ऐकला आन् दुकानात शिरलो... फोम काय, मुरबाडलाही मिळाला असता.”

योगिनीने चटकन मान खाली घातली आणि फोमचा डबा शोधू लागली. डबा समोरच होता.

‘निळी घळ’ हा संगणकावरचा खेळ तिने कॉलेजात असताना खेळला होता. तिवरी नावाची मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला डोंगरातल्या घळीत उतरते, एवढीच गोष्ट. शेवटी पलीकडच्या कड्यावरून भावाची हाक येते, “ताई...” आणि पडदा काळा होतो. बस्स. पुढे काय झालं कोणालाच ठाऊक नाही, कारण खेळ करणारी मंडळीच पांगली. मग सिंगापूरच्या एका कंपनीने त्याचे हक्क घेतले, आणि तेव्हापासून रोज नवी अफवा. दुसरा भाग हैदराबादला होणार. नाही, कोरियात होणार. नाही, होणारच नाही. योगिनीच्या चॅनेलचं निम्मं आयुष्य ह्या अफवांवर चाललं होतं. दुकानात कव्हर आणि चार्जर विकत बसणारी मुलगी मराठीत ह्यावर इतकं पोटतिडकीने बोलते, म्हणून लोक ऐकत.

त्याचं नाव भगीरथ. धसईच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या ठाकूरवाडीचा. पुण्यात आवाजाचं काम शिकला होता आणि तिथल्याच एका स्टुडिओसाठी आता घरून काम करत होता. कसला स्टुडिओ, ते त्याने सांगितलं नाही. “जाहिराती, लहान मुलांचे खेळ... असलंच काहीबाही,” एवढंच.

“पुण्यात राहून ‘नाय’ गेलं नाही तुमचं?” तिने एकदा विचारलं.

“पुण्यात ‘नाही’च म्हणतो. माळशेज उतरला की ‘नाय’ होतं.”

तो येऊ लागला. कधी केबल हवी म्हणून, कधी बॅटरी. एकदा तर घेतलेली केबलच परत घेऊन आला, “ही जास्त लांब हाय” म्हणत. मामांनी चष्म्यावरून पाहिलं आणि केबल बदलून दिली. तो गेल्यावर एवढंच म्हणाले, “ह्या पोराच्या घरात केबलचं रान झालं असेल गो.”

दिवाळीनंतर भात झोडून झालं, शिवारात पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहिल्या, आणि एका रविवारी योगिनी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून किन्हवलीच्या रस्त्याने धसईकडे निघाली. मामांना मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. मामांनी कुठली मैत्रीण, हे विचारलं नाही.

काळू नदीच्या काठावर त्याने पिशवी उघडली. आतून लांब दांडा निघाला, आणि दांड्याच्या टोकाला करड्या केसांचं एक गुबगुबीत काहीतरी.

“अगं बाई! हे मांजर कोणाचं?”

“माइक हाय तो. वाऱ्यासाठी टोपी घातलीय त्याला. धर. आन् आता बोलायचं नाय.”

“किती वेळ?”

“मी सांगेपर्यंत.”

योगिनीला गप्प बसणं कधी जमलं नव्हतं. पण ती उभी राहिली, दांडा दोन्ही हातांनी धरून. भगीरथ हेडफोन लावून डोळे मिटून बसला. आधी तिला काहीच ऐकू आलं नाही. मग पाणी. मग पाण्याच्या आत दगडावरून घसरणारं दुसरं, बारीक पाणी. लांब कोणीतरी बैलाला हाकत होतं. सागाचं एक वाळकं पान फांदीवरून सुटलं आणि खालपर्यंत, फांद्यांना लागत लागत आलं... त्याचासुद्धा आवाज होता!

त्याने डोळे उघडले तेव्हा ती त्याच्याकडेच पाहत होती.

“झालं. बोल आता.”

“काही नाही,” ती म्हणाली. “बोलावंसंच वाटत नाहीये.”

“बापरे. ही तर चॅनेलवर टाकायची बातमी झाली!”

त्याच्या वाडीवर ती पहिल्यांदा गेली ती पौषात. त्याची आई ठकी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने योगिनीला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि शेंगांचं सूप तिच्यापुढे सरकवलं.

“बस गो पोरी. सोलतां येतात काय?”

“येतात की.”

“मंग सोल. हा आपला दिसभर कानाला डबडी लावून बसतो. मी हाक मारली त् ऐकाया येत नाय, आन् बेडूक वरडला त् ऐकाया येतो.”

शेंगा सोलून झाल्या. तेवढ्यात शेळ्या कुंपणाच्या वईतून शेजारच्या मळ्यात शिरल्या. ठकीने आरोळी ठोकली आणि भगीरथ खोलीतून तसाच धावत सुटला. योगिनी आत डोकावली. खिडकीखाली टेबल, त्यावर लॅपटॉप उघडा, आणि बाजूला तिने स्वतः फोम बदलून दिलेला हेडफोन. त्यातून काहीतरी बारीक ऐकू येत होतं. तिने तो सहज कानाला लावला.

वारा होता. घळीतला, खालून वर येणारा. त्या वाऱ्यात पानं, पानांखाली पाणी... आणि मग एक लहान मुलगा, अगदी जवळून, “ताई... मी इथे आहे.”

तिने हेडफोन कानावर घट्ट दाबला. हाक तीच होती. पण त्या काळ्या पडद्यापुढची. जगात कोणी न ऐकलेली.

भगीरथ दारात उभा होता. धापा टाकत, हातात शेळीची दोरी.

“तू... तू करतोयस?” तिच्या तोंडचं आजवरचं ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही. “तुमचा स्टुडिओ करतोय?”

तो आत आला, लॅपटॉप मिटला, आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला.

“तिन्हीसांज स्टुडिओ,” तो म्हणाला. “पुण्याचा. आमी मोजकी माणसं हाव. नमुना दाखवलाय सिंगापूरवाल्यांना, त्यांना आवडलाय. पण सही नाय झाली अजून. सही होईपर्यंत घरच्यांनाही सांगायचं नाय, असं ठरलंय. बाहेर फुटलं तर काम जाईल, योगिनी. माझं एकट्याचं नाय, सगळ्यांचं.”

“नाही सांगणार.”

“पण तुझं चॅनेल...”

“चॅनेलची शपथ.”

“चॅनेलची नको. दुसरी कसली तरी घे.”

“मग कोणाची घेऊ?” तिने विचारलं, आणि अशा नजरेने विचारलं की तो दोरी गुंडाळू लागला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला शेळी बांधलेली होती. ती बें बें करत खोलीत शिरली आणि दोघं हसत सुटली.

पुढचे दिवस योगिनीच्या आयुष्यातले सगळ्यांत सुंदर दिवस होते. दुकानात बसून ती कोरियाच्या अफवा वाचून दाखवायची आणि आतल्या आत हसायची. संध्याकाळी त्याचा फोन यायचा. “आज काय, कोणाकडे गेला दुसरा भाग?” “आज जपानला.” “बरं झालं. मला सुट्टी.” तो तिला दिवसभरात धरलेले आवाज पाठवायचा. जात्याचा, पिंपळाचा, आईच्या बांगड्यांचा. आणि एकदा नुसती शांतता. “हे काय?” तिने विचारलं. “तू माइक धरून उभी व्हतीस, त्या दिवशीचं. तुझा श्वास हाय त्यात.”

प्रेम हा शब्द दोघांपैकी कोणीच उच्चारला नाही. घाई कोणाला होती?

मग भावेशने बोलावलं.

भावेश कल्याणचा. त्याचं चॅनेल योगिनीच्या कितीतरी पट मोठं. त्याने तिला संध्याकाळी आपल्यासोबत लाइव्ह यायचं आमंत्रण दिलं. विषय अर्थात एकच. योगिनीने नवा कुर्ता घातला. मागच्या चार्जरच्या माळा दिसू नयेत म्हणून पडदा लावला.

सुरुवात चांगली झाली. पण भावेशला हशा हवा होता. “आता नवीनच ऐका,” तो म्हणाला. “कोणीतरी उडवलंय की पुण्याचा तिन्हीसांज पण शर्यतीत आहे! अरे, अक्षरओळखीचे खेळ करणारे लोक ते. ‘निळी घळ’ करणार? गावठी आवाज घालतील, बेडूकबिडूक. तिवरी घळीत उतरली की... डराँव!”

पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पूर आला. लोक बेडकांची चित्रं पाठवू लागले. योगिनीला नदीकाठी डोळे मिटून बसलेला भगीरथ दिसला.

“हसू नका,” ती म्हणाली.

“का? शहापूरच्या बातमीदारांना वेगळी बातमी आहे?”

त्या क्षणी तिला त्याची बाजू घ्यायची होती. खरंच, तेवढंच. आणि त्या तेवढ्यातच, अगदी थोडंसं, तिला सगळ्यांच्या आधी सांगायचंही होतं.

“ज्यांना तुम्ही हसताय ना, त्यांच्याकडेच आहे दुसरा भाग.”

“तुला कसं माहीत?”

“माहीत आहे. मी ऐकलाय. माझ्या कानांनी.”

शब्द तोंडातून निघाले आणि तिला ते ऐकू आले. भावेशचे डोळे विस्फारले. खाली प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. कुठे ऐकला? कसा? कोणी ऐकवला? तिने लाइव्ह बंद केलं, पण तेवढा तुकडा कापून लोकांनी केव्हाच पुढे पाठवला होता.

भगीरथचा फोन आला. “का गं?” एवढंच म्हणाला तो. तिला रडू फुटलं, आणि तिचं रडणं थांबायच्या आत फोन ठेवला गेला.

मग फोन आला नाही. तिने केलेला उचलला गेला नाही. शेवटी ती एसटीने धसईला उतरली आणि वाडीपर्यंत चालत गेली. ठकीने तिच्याकडे पाहिलं. “नदीवं गेलाय,” म्हणाली.

तो काठावर नुसताच बसला होता. पिशवी नव्हती, माइक नव्हता. ती थोडं अंतर ठेवून बसली.

“काम गेलं?” तिने घाबरत विचारलं.

“नाय. सही झाली काल.”

“खरंच?” तिचा जीव भांड्यात पडला. “मग...”

“सिंगापूरवाल्यांनी विचारलं, फुटलं कोणाकडून? सगळ्यांवर संशय घेऊ लागले. मी सांगितलं, माझ्याकडून. मी सोडतो, काम काढून घेऊ नका.” तो पाण्याकडे पाहतच बोलत होता. “मी गेलो, काम राहिलं.”

“पण तू काहीच बोलला नव्हतास! मी हेडफोन उचलला, मी बोलले...”

“लॅपटॉप उघडा मी ठेवला व्हता. आन् पहिल्या दिवशी दुकानात ‘नाय करणार’ कोण म्हणालं? मीच.” तो किंचित हसला, पण ह्या वेळी डोळ्यांच्या कडा हलल्या नाहीत.

“मी पुण्याला जाते. तुझ्या स्टुडिओच्या मॅडमना सगळं खरं सांगते.”

“नको.”

“भगीरथ, माझ्यावर ओरड तरी!”

“राग नाय गं. तू माझ्यासाठीच बोललीस, ते कळतंय मला. मी तो तुकडा ऐकलाय. आवाजावरून कळतं. पण आता तुझ्यापाशी बोलताना मी शब्द तोलून बोलीन. मुद्दाम नाय, आपोआप. आन् तुझ्यापाशी पण तोलूनच बोलायचं असलं... तर मग आपलं काय राहिलं?”

वर पळस फुलायला लागला होता आणि त्याची पाकळी पाण्यावर पडून फिरत फिरत निघून गेली. मग त्याने सांगितलं, कोचीला कोणी समुद्रावर माहितीपट करत होतं, त्यांना आवाजाचा माणूस हवा होता. आठवडाभरात तो निघणार होता.

योगिनी पुण्याला गेलीच. तिन्हीसांज म्हणजे एका जुन्या इमारतीतल्या तीन खोल्या निघाल्या. भिंतीवर घळीची चित्रं, आणि संगणकांपुढे तिच्याच वयाची मुलंमुली. स्टुडिओ चालवणाऱ्या सोनालीताईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही.

“खरं बोलतेयस,” त्या म्हणाल्या. “मला तेव्हाच वाटलं होतं. भगीरथ असं करणार नाही.”

“मग त्याला परत बोलवा ना. मी लिहून देते, व्हिडिओ करते, सगळ्यांसमोर सांगते...”

“आणि मग?” सोनालीताईंनी दार थोडं लोटून घेतलं. “आम्ही त्यांना एक उत्तर दिलंय. आता ते खोटं होतं म्हणून सांगायचं? पुन्हा चौकशी, पुन्हा संशय. बाहेर बसलेल्या ह्या मुलांचं काय? त्याने हे त्यांच्यासाठी केलं, योगिनी. तुला खरंच काही करायचं असेल, तर आता तू बोलू नकोस.”

बोलू नकोस. तेव्हा जे जमायला हवं होतं, ते आता करायचं होतं. परतीच्या वाटेवर खिडकीला डोकं टेकून ती रडली, आणि त्यानंतर त्या विषयावर तिने एक शब्दही काढला नाही.

चैत्रात अधिकृत घोषणा झाली. ‘निळी घळ’चा दुसरा भाग पुण्याचा तिन्हीसांज स्टुडिओ करणार!

आणि योगिनीचं चॅनेल एकदम उसळलं. “शहापूरच्या पोरीने आधीच सांगितलं होतं!” लोक तो तुकडा पुन्हा पुन्हा लावू लागले. भावेशने जाहीर माफी मागितली, वर तिला आपल्यासोबत काम करायला बोलावलं. बाजारातली पोरं दुकानात येऊन हात मिळवू लागली. मामांनी पेढे आणले. योगिनीने एक पेढा उचलला, तोंडापाशी नेला आणि परत पुड्यात ठेवला.

“काय झालं गो? खरी ठरलीस ना तू?”

“ठरले, मामा.”

त्याच आठवड्यात ती धसईच्या बाजाराला गेली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. ठकी रस्त्याकडेला फडकं पसरून बसली होती, पुढे करवंदांची टोपली आणि मोहाची फुलं. योगिनीला पाहून ती जरा सरकली आणि शेजारी जागा केली.

“रोडावलीस गो.”

“नाही हो. बरी आहे.”

“तो पन असाच बोलतो. बरा हाय, बरा हाय. तुझा इचारीत व्हता.”

“काय विचारत होता?”

“खुशाल हाय काय, एवढाच.” ठकीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग कमरेच्या पिशवीतून फोन काढला, बटण दाबलं आणि सरळ तिच्या हातात ठेवला. “घे. तुमी दोघा माला काय इचारीत बसता? मी काय पोस्टमन हाय?”

पलीकडे घंटी वाजत होती. योगिनीला फोन ठेवून द्यावासा वाटला.

“आये, बोल.”

“मी आहे.”

पलीकडे वारा होता. खूप मोकळा, मोठा वारा. तीच आधी म्हणाली, “अभिनंदन. घोषणा झाली ना.”

“ऐकलं. तुझं पण अभिनंदन. चॅनेल मोठं झालं म्हणे.”

“त्याचं नाव नको काढू.”

“योगिनी...” तो थांबला. “मी ठरवलं व्हतं, घोषणा होईल त्या दिवशी तुला सांगायचं. शहापूरला दुकानात येऊन. मामांच्या समोर.”

तिने फोन कानाशी घट्ट धरला. बाजाराचा गलका कुठेतरी लांब गेला.

“काय सांगायचं होतं?”

“कळतंय तुला.”

“तरी सांग.”

“व्हतं माझं तुझ्यावर...” त्याचा आवाज खाली आला. “लय व्हतं.”

“माझंही,” ती म्हणाली. मग, अगदी हळू, “भगीरथ... ‘होतं’ की ‘आहे’?”

वारा वाहत राहिला. कोणीतरी त्याला पलीकडून हाक मारली, त्याच्या नावाने, परक्या उच्चारात. त्याने ‘आलो’ म्हटलं नाही. उत्तरही दिलं नाही. त्याच्या श्वासावरून तिला कळत होतं, तो शब्द शोधतोय. तोलतोय.

त्याला तसं शोधत ठेवणं तिला सहवेना.

“माझी बस आली,” ती म्हणाली. “ठेवते हं. नीट राहा.”

“तू पण.”

तिने फोन ओढणीला पुसून ठकीला परत दिला. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता, शहापूरच्या बसला अजून अवकाश होता. ठकीने रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि करवंदांची एक ओंजळ तिच्या ओटीत टाकली.